चक्कीवर

"काय वाचून राह्यली?"
उकंडाभाऊ पट्ट्याच्या आवाजावरून ओरडतो.
मी गव्हाच्या पिशवीतून काढून दाखवते:
एका बाईच्या आठवणी. दोनशे पानं झाली,
अजून नवरा आलेला नाही गोष्टीत.
"मंग बरी असन."

त्याचं पुस्तक तेलाच्या पिपावर पालथं,
पाठीला डिंक, पानापानांत ज्वारीचं पीठ.
"यानं गाव पाह्यलं नाही बाप्पा.
एकशेबारा पानावर चैतात पऱ्हाटी फुलवली!
तरी सोडवत नाही.
त्या पोराची माय बोलते ना, ते खरं हाये."

माझीवाली कुठंच रडत नाही, मी सांगते,
त्याचाच मला राग येतो.
"रडली असन. लिहिलं नसन."

तेवढ्यात लाईट जाते.
दगड घरघरत सावकाश थांबतो
आणि आम्ही दोघं उगाच ओरडत असतो
रडण्याबद्दल, रांगेतल्या सगळ्यांसमोर.

पंचफुलाबाई डब्यावर बसलेली.
तिला अक्षर येत नाही, हे गावाला ठाऊक.
पदराने कपाळावरचं पीठ पुसते, म्हणते,
"फरदड असन ते.
पाणी देल्लं असन कोणी, राह्यली असन उभी.
काहून बोल लावतं त्या लेखकाले?"

उकंडाभाऊ पिपावरून पुस्तक उचलतो,
एकशेबारावं पान
पुन्हा काढतो.