कडूचे गुण

मोतुएकाच्या हॉलमध्ये, चौथ्या टेबलावर,
सकाळचे साडेदहा, आणि हा अकरावा ग्लास.
बाटलीला नाव नाही, नुसता आकडा: सहा दोन एक आठ.
कागद सांगतो, डबल आयपीए, मद्यार्क नऊ पूर्णांक दोन.
नियम असा, की लिहून होईतो कुणी बोलायचं नाही.
भुवईसुद्धा उडवायची नाही.

फर्गसनं ग्लास खिडकीकडे धरला.
चिंचेनं घासलेलं पितळ पहिल्या दिवशी असतं, तो रंग.
फेस दाट, काचेला धरून बसलेला,
निघतो निघतो म्हणत न निघणाऱ्या पाहुण्यासारखा.
तीनपैकी तीन, त्यानं लिहिलं, आणि नाक बुडवलं.

नायरीनं आधी लांबून घेतला वास,
मग जवळून,
मग तळहातानं ग्लास झाकून, हलवून, एकदम उघडून.
पपनसाची साल. पिकून पिवळा झालेला पेरू.
चिडाची राळ, बोटांना चिकटेल अशी.
आणि या सगळ्यांच्या मागे, दाराआड,
आत यायला लाजणारं काहीतरी.

तिसरा वेंडेलबॉर्न.
चाळीस हंगाम हॉपच्या भट्टीवर काढलेले,
ओली बोंडं कधी वाळली ते अंधारात सांगायचा.
त्यानंही ग्लास फिरवला, नाकाशी नेला,
डोळे मिटले, मान डोलावली, सगळं रीतसर.
मग पापणीच्या फटीतून
नायरीच्या कागदावर पाहिलं.

एवढंच.
पण तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात येरझाऱ्या घातलेली बाई ती,
कॉपी ओळखायला तिला नाक लागत नाही.
आठवला तिला जूनमधला त्याचा ताप,
त्यानंतर एकदा त्याच्या स्वयंपाकघरात कोळसा झालेला टोस्ट,
आणि धुरात पेपर वाचत बसलेला हा.
तेव्हा हसले होते सगळे.

ती पुटपुटली, ग्लासाशी बोलल्यासारखं, "पेरू."
फर्गसनं वर पाहिलं. नियम.
"पपनस," ती म्हणाली. "राळ. भरपूर."
वेंडेलबॉर्नची पेन्सिल थांबली होती.
"आणि कांदा. चिरून रात्रभर ठेवलेला."

मग तो प्यायला. जीभ शाबूत होती त्याची.
आधी माल्टचा गोडवा, साखरेत घोळलेल्या कारल्याचा,
म्हणजे क्षणभराचा;
मग कडू, जिभेच्या मुळाशी, मग घशात,
मग थेट कानामागे.
त्यानं घड्याळ पाहिलं.
कडू दोन जातींचं, तो नेहमी म्हणे,
एक भांडून निघून जातं,
एक उंबऱ्यावर बसून राहतं.
हे चाळीस सेकंदांत गेलं. तोंड स्वच्छ.
दारू मात्र उशिरा आली, छातीत,
कुणी न बोलता शेकोटीत ओंडका सारावा तशी.

"एक्केचाळीस," फर्गस. पोरगं प्रेमात पडलं होतं.
"तेहेतीस," नायरी.
वेंडेलबॉर्ननं कागद पालथा घातला.
"कांदा म्हणालीस ना?"
"हो."
"बोंडं आठवडाभर उशिरा तोडलीत.
वेलीवर फार राहिली की असंच होतं.
बिचाऱ्या बिअरवाल्याला काय बोलायचं,
त्यानं मिळालं ते घातलं, आणि निगुतीनं घातलं."

छत्तीसवर तडजोड झाली.
वासाच्या चौकटीत त्याच्या कागदावर आकडा नव्हता,
एक ओळ होती:
मला कळत नाही, टेबलावरच्या बाईंना कळतं.
फर्गसनं ती वाचली आणि
पावाचा तुकडा उगाच फार वेळ चावत बसला.

जेवणाच्या सुट्टीत हॉलमागच्या कुंपणापाशी
रानटी झालेल्या वेलीचं एक बोंड त्यानं तोडलं,
तळहातावर चुरडलं, पिवळी भुकटी दिसेतो,
आणि हात तिच्या नाकाशी धरला.
"सांग."
"गवत," ती म्हणाली. "नुसतं गवत."
"मग अजून दहा दिवस," तो म्हणाला,
आणि हात विजारीला पुसला.