दिंडीउघड्यांच्या घरी पाहुणा

मुलीच्या वहीत प्रश्न आहे, पाच गुणांचा:
इतिहासातल्या एका नेत्याला जेवायला बोलवायचं झालं
तर कोणाला बोलवाल, आणि काय वाढाल?
मी बर्फाच्या कारखान्यातून आलोय, बोटं अजून बधिर.
बाबा, तुम्ही सांगा.

ज्यांचे पुतळे आहेत त्यांना सगळेच बोलावतील.
पराडकरांच्या कौस्तुभने एकाला बोलावलंसुद्धा,
श्रीखंड-पुरी वाढून मोकळा झाला.
तसल्या माणसासमोर मला घास गिळवायचा नाही,
हात कुठे पुसायचा इथूनच पंचाईत.

मी सटवोजी राणेला बोलावीन.

पेन्सिल थांबते. आपला सटवोजी?
आपलाच. पालशेगडाचा किल्लेदार,
एक तोफ न डागता ज्याने दिंडीचा अडसर काढला
आणि आपल्याला नाव देऊन गेला.
रेशनकार्डावर राणे. पण बंदरावर लिलावात
मी बोली चढवली की अजून मागून कोणीतरी,
दिंडीउघड्यांचो झील तो, मागे सरतलोच.

देवगडच्या वाचनालयात एका जुन्या पुस्तकात
सापडला होता मला. त्याच्यावर दोनच शब्द:
किल्ला दिला.
पुढच्या ओळीत लगेच पाऊस,
आणि कोणाच्या तरी मुंजीचा खर्च.

वाढायचं काय, तर बांगड्याचं तिखलं,
तिरफळं जरा जास्त. उकड्या तांदळाचा भात.
बटाटा नको, ओळखणार नाही.
बसायला पाट देऊ,
टेबलाखाली पाय कुठे ठेवायचे त्याला कळायचं नाही.
आणि सगळ्याच्या आधी तांब्याभर आपल्या विहिरीचं पाणी.
सतरा दिवस टाक्यातलं मचूळ पाणी प्यालेला माणूस तो.

का केलंस, हे नाही विचारणार.
ते त्याला जन्मभर विचारलं असेल,
बायकोने, व्याह्यांनी,
आणि न्हाव्याने, गप्प राहून.
मी विचारीन, अडसर तू स्वतः काढलास
की दुसऱ्याला सांगितलंस?
बिजागरी वाजली का?
त्या रात्री जेवलास का, आणि वाढलं कोणी?

हेही सांगीन, की सड्यावर देवळामागे
सात वीरगळ आहेत, मी हात लावून मोजलेत.
गुरव प्रत्येकाची गोष्ट सांगतो,
तुझ्या सालची एकही नाही.
खालच्या वाडीत पितृपक्षात
त्या वर्षी गेलेल्याचं म्हणून
कुठेच पान मांडत नाहीत.

तो काटे काढत राहील.
बांगड्याला वेळ लागतोच.
मग मान वर न करता,
घरं किती रे आता गावात?
एकशे बारा.
त्यातली उघडी?

इथे मला भात आणायला उठावं लागेल.

एकेचाळीस. बाकीच्यांपैकी नऊ घरांच्या किल्ल्या
आमच्याच दाराआड खिळ्याला असतात,
प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली, कोणती कोणाची.
महिन्यातून एकदा जाऊन मी दारं उघडतो,
वाळवी बघतो, वारा खेळवतो, परत लावून घेतो.
म्हणजे किल्लेदारच की मी.
यावर तो हसला तर हसला.
नाही तर आणखी थोडा रस्सा मागेल.

बाबा, हे पाच गुणांत बसायचं नाही,
आणि धड्यात नाव नाही त्याचं.
तिने खोडरबर घेतलाय. सटवोजी पुसून
दुसरं नाव लिहिलंय, शाळेच्या भिंतीवरचं,
ठळक, दोनदा गिरवून.

मी चहा होईपर्यंत वही चाळतो.
खाली, काय वाढाल याच्या पुढे, तिने काहीच पुसलेलं नाही.
तिखलं. उकडा भात. बटाटा नको.
आधी तांब्याभर आपल्या विहिरीचं पाणी.