भुईकाटा

जळगावच्या एमआयडीसीत, डाळमिलच्या फाटकाशी
एकोणीस वर्षं मी ट्रक मोजतो.
आधी भरलेला, मग रिकामा;
वजाबाकी पावतीवर.
साहेबलोकांचीही तशीच केली:
आलेला मॅनेजर, गेलेला मॅनेजर,
उरलेला मी.

पाचव्या आल्या बऱ्हाटे मॅडम, फैजपूरच्या,
माझ्या थोरलीपेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या.
मे महिना. केबिनचा पत्रा असा तापलेला
की पेनातली शाई पातळ व्हायची.
मी ठरवलं, मान हलवायची आणि आपलंच करायचं.
त्या बोलायच्या, मी "हो मॅडम" म्हणायचो,
शिक्का मारावा तसं,
न वाचता.

मग चाळीसगावकडची तूर आली.
काटा चाळीस किलोनं खोटं बोलतोय
हे मला सकाळी आठलाच कळलं होतं.
सांगितलं संध्याकाळी सहाला,
सात ट्रक खाली झाल्यावर.

वाटलं, आता आवाज चढेल.
मागच्या साहेबांचा चढायचा तेव्हा
फाटकाबाहेरचा चहावाला
गाळणी हातात धरून ऐकत राहायचा.

मॅडमनी खुर्ची ओढली,
सातही व्यापाऱ्यांना माझ्यासमोर फोन लावले.
"चूक आमची," सात वेळा म्हणाल्या.
मी बोटांवर मोजत होतो.
एकदाही "आमच्या काटेवाल्याची" आलं नाही.

शेवटी एवढंच:
"आप्पा, वाईट बातमी चहाच्या आधी सांगत जा.
चहानंतरची मला महाग पडते."

खरं सांगू, मला रागच आला.
ओरडल्या असत्या तर फिटलं असतं,
घरी जाऊन कळण्याची भाकरी गोड लागली असती.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला त्या काट्यावर उभ्या.
"तुम्ही त्या टोकाला, मी या."
केबिनमधून सायसिंग पाडवीनं आकडा ओरडायचा.
भुईकाटा पाच-पाचनं मोजतो,
माणूस त्याच्या खिजगणतीत नसतो.
"एकशे तीस!"
हमाल हसले. मीही हसलो, तोंड वळवून.

चार दिवसांनी न राहवून बोललो,
"मॅडम, हे माणसांनी भागायचं नाही,
वीस-वीस किलोची वजनं मागवा."
मागवली.
मागणीच्या कागदावर सही त्यांची,
आणि वर लिहिलेलं: आप्पांनी सुचवलं.
तो कागद मी दोनदा वाचला.

तरी वजनांच्या आधी आम्ही उभे राहतोच,
सवय म्हणा.

मला एक कळलं,
त्यांना आधी आकडा लागतो, मग गोष्ट.
मी आपला पारोळ्याच्या पाहुण्यापासून सुरू करायचो.
त्यांना काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही,
पण मी पाहिलंय:
दोनदा विचारलं की मी बनवून सांगतो,
एकदा विचारून गप्प बसलं
की खरं बाहेर येतं.

भांडलोही. ओल्या हरभऱ्यावरून
तीन दिवस बोलणं फक्त पावत्यांतून.
हरभरा परत गेला.
कोण बरोबर होतं ते अजून ठरलेलं नाही.

दिवाळीनंतरची एक सकाळ,
धुक्यात केळीच्या गाड्या रावेरकडून येणाऱ्या.
सायसिंग ओरडला, "एकशे वीस!"
पुन्हा उभे राहिलो.
एकशे वीस.
वजनं ठेवली, एकेका कोपऱ्यात.
काटा खरा होता.

मॅडमनी माझ्या पट्ट्याकडे पाहिलं,
खिळ्यानं पाडलेल्या नव्या भोकाकडे.

"आप्पा?"
एकदाच.
आणि गप्प उभ्या राहिल्या, त्या टोकाला.

फाटकाबाहेर
चहा अजून गाळायचा होता.