माप

मंगळवारी साडेसहाला, काउंटीच्या इमारतीच्या तळघरात,
बारा आठवडे. हे सांगताना न्यायाधीशबाईंनी
मानही वर केली नव्हती.
आम्ही नऊजण. खुर्च्या बुटक्या, कारण दिवसा इथे बालवाडी भरते.
भिंतीवर कागदी बदकं, प्रत्येकाच्या पोटावर एक आकडा.

पहिल्याच दिवशी पेल्कीने विचारलं,
पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा काय सांगितलंत?
"दोनच बिअर," म्हातारा व्हुकोविच म्हणाला.
"दोनच," ब्रॅनन.
"दोनच," मी. माझी तर बिअरही नव्हती.
नऊ माणसांत अठरा.
एवढ्यात ब्यूट गावात कुणाला शिंकही आली नसती.

आज त्याने टेबलावर ग्लास मांडले,
जगमध्ये चहाच्या रंगाचं पाणी.
"घरी ओतता तसं एक ओता," म्हणाला. "एकच."

मी वृद्धाश्रमात नर्स आहे.
बावीस म्हाताऱ्यांची औषधं रोज माझ्या हातून जातात.
पाच मिली म्हणजे पाच मिली.
कप डोळ्यांच्या रेषेत धरायचा,
थेंबभर जास्त झालं तर परत काढायचं.
मिसेस ट्रेगेंझा म्हणतात, लोर्ना, तुझ्या हातात तराजू आहे.

तोच हात.
खरं तर आखडताच घेतला होता,
सगळे बघत होते म्हणून.
पेल्कीने माझा ग्लास मापात रिकामा केला.
एक माप भरलं. दुसरं भरलं.
तिसरं भरूनही तळाशी तपकिरी उरलंच होतं.
कुणी हसलं नाही.
मापात पाप म्हणतात ते दुकानदाराचं असतं,
अशी माझी समजूत होती.

त्या रात्री मी असे दोन घेतले होते.
हिशोब मी केला नाही.
व्हुकोविचने केला, स्वतःचा, बोटांवर, सावकाश,
आणि मग हात खिशात घातला.

कुंपणाचे पैसे मी भरतेय, हप्त्याने.
घोड्याचं कुणी काही मागितलं नाही.
तो माझ्या दिव्यांच्या झोतात उभा होता,
नाकपुड्यांतून वाफ,
पाठीवर बर्फ पडत होता आणि वितळत नव्हता.
मग तुटलेल्या तारांवरून एकेक पाय उचलत, जपून,
झोपलेल्या घरातून कुणी बाहेर पडावं तसा
तो हायवेवर निघून गेला.
दोन दिवसांनी सापडला म्हणे.
कसा, ते मी विचारलं नाही.

वर्ग सुटला की पार्किंगमध्ये
गाडी माझी झडती घेते.
नळी तोंडात धरून फुंकायचं, उणे अठरात,
मग यंत्र विचार करत बसतं.
शेजारच्या गाडीत ब्रॅनन गाल फुगवून फुंकतोय,
वाढदिवसाचा मुलगा दिसतो.

हिरवा दिवा.
माझ्या श्वासात काही नाही. आज नाही.
इंजिन सुरू होतं तरी मी लगेच निघत नाही,
दिवे लावून बसून राहते थोडा वेळ,
झोतातून
कुणाचं जायचं राहिलंय का, बघत.