मोकळी जागा

दर गुरुवारी तिसा नदी ओलांडून मी लिपोतकडे जातो.
तो घड्याळं दुरुस्त करायचा. आता हात थरथरतात,
म्हणून अक्षरं उघडून बघतो, म्हणतो.

आज चौथा अध्याय.
बोट उजवीकडून डावीकडे सरकत आलं, अडलं.
"काइन भावाला म्हणाला –
काय म्हणाला?"
"चल, शेतात जाऊ." मला पाठ आहे.
"ते तुमच्या पुस्तकात, पाळकसाहेब.
आमच्यात काहीच नाही.
म्हणाला, आणि पुढे एकदम शेत."

चाळीस वर्षं उपदेश केले मी या ओळीवर,
एकदाही ठेच लागली नाही.

"आमचे रब्बी या भोकातच ठाण मांडून बसले," लिपोत हसला.
"एक म्हणतो, जमिनीवरून जुंपली.
दुसरा, मंदिर कुणाच्या वाट्यात उभं राहणार यावरून.
तिसरा म्हणतो, बाई.
तिघांचंही लिहून ठेवलंय. खोडलं कुणाचंच नाही."

मला एकच उत्तर हवं होतं. सवय.
त्यानं चहात साखर टाकली, ढवळली नाही.
"तू सांग, गेर्गेय."

त्याच्या खिडकीतून वीटभट्टीचं धुराडं दिसतं.
चव्वेचाळीसच्या जूनमध्ये त्याची आई तिथे होती.
माझे वडील त्या रविवारी पुलपिटावर होते;
काय म्हणाले,
ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

मी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.
लिपोतनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला
आणि थांबला.