सहाव्याखालची अक्षरं

रात्री सव्वाअकराला खटका पडला
आणि सोहारच्या आमच्या खोलीतला एसी
धाप टाकून थांबला.

ईएलसीबी वर करतो, खाली येतो.
वर करतो, खाली.
"जबरदस्ती नको," हमदुलेभाई म्हणाले,
"पडतोय म्हणजे काम करतोय."
सगळे छोटे स्विच पाडले, तेव्हा मोठा उभा राहिला.
आता एकेक.
पहिला, दिवे. दुसरा, आणि फ्रीज कण्हला.
तिसरा-चौथा एसींचे. पाचव्यावर बहुतेक काहीच नाही.
सहावा उचलला नि पुन्हा काळोख.

सहाव्याखाली पेनानं मल्याळम,
आधीच्या कुणा भाडेकरूचं.
मोबाइलच्या उजेडात आम्ही चौघं
त्या गोल गोल अक्षरांपुढे
घाम पुसत अडाण्यासारखे उभे.
फोटो पाठवला खालच्या किराणावाल्या कुंजुमोनला.
उत्तर आलं: गरम पाणी.

ऑगस्टात गीझर?
इथं गच्चीवरची टाकी तापते, गार नळाला कढत येतं.
गार हवं तर लाल नळ सोडायचा,
बंद गीझरात निवलेलं असतं.
हे इलियासला कुणी सांगितलंच नव्हतं,
परवाच उतरला मंडणगडहून.
"बटण बंद दिसलं," तो म्हणाला,
"तुम्ही साइटवरून दमून येता,
म्हटलं अंग शेकेल."

हमदुलेभाईंनी सहाव्यावर चिकटपट्टी लावली,
बाकीचे वर केले. खटका टिकला.
मग त्याला न्हाणीत नेऊन लाल नळ सोडला,
त्याचा हात धरला धारेखाली.
कोमट.

"उद्यापर्यंत निवेल," म्हणाले.