ठासणीची बंदूक

आचारसंहिता उठली, आणि वाळपईच्या ठाण्यातून
पावती दाखवून मी बंदूक आणली
गोणपाटात गुंडाळून, मोटरसायकलला आडवी बांधून.
सत्तावीस नंबरची चिठ्ठी अजून चापाला लोंबत होती.
गावातल्या एकोणतीस बंदुका अडीच महिने
एका कोंदट खोलीत भिंतीला टेकून उभ्या,
मतदान शांततेत व्हावं म्हणून.
रानडुकरांना हे कुणी कळवलं नव्हतं.

बाबा सोप्यावर बसले होते.
नळीच्या तोंडात करंगळी घालून त्यांनी बाहेर काढली:
तांबूस.
"धुवायची कशी?" मी विचारलं.
ते अंगणातल्या काजूबियांकडे बघत राहिले.

दारू किती, ते सांगतील. छर्रे किती,
चिंधीचा बोळा किती दाबायचा,
डुक्कर कुठल्या बांधावरून उतरतो, वारा कुठून हवा.
परवान्यावर नाव त्यांचं: खुशाली विठू गावस,
फोटोत मिशा काळ्या.
पण बेचाळीस वर्षं ते पहाटे येऊन
बंदूक मागच्या दाराला टेकवायचे आणि झोपायचे.
उठेपर्यंत ती खुंटीवर असायची,
नुकत्याच न्हालेल्या माणसासारखी.

आईला जाऊन दीड वर्ष झालं.

फोंड्याला बहिणीला फोन लावला.
"वेगळं काय करायची ती?" बहीण म्हणाली,
"टोप घासतात तशीच घासायची.
पण आधी गज घाल. रेघ आत गेली का बघ."
"कसली रेघ?"
"लाल. ती बुडाली तर नळी रिकामी.
बाहेर राहिली तर हात लावू नको."
गज उचलून उन्हात धरला. होती,
टोकापासून वीतभर खाली, जराशी तिरकी, चमकदार.
फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
"अरे," बहीण म्हणाली,
"ती माझी नेलपॉलिश.
दहावीच्या गॅदरिंगला घेतलेली.
हरवली म्हणून तुला मारलं होतं मी."

त्याच वर्षी गुणो माजिकाची दोन बोटं गेली होती,
रिकामी समजून बंदूक पुसताना.

मग न्हाणीतलं कढत पाणी, रॉकेलचं जुनं नरसाळं,
भांड्यांच्या साबणाचा झिजलेला हिरवा तुकडा.
पहिलं पाणी आलं ते शाई,
कुजक्या अंड्यांचा वास अंगणभर.
दुसरं राखाडी.
तिसऱ्याला, गंजासाठी, आमसुलं भिजवलेलं पाणी,
गजाला काथ्या बांधून वर-खाली, वर-खाली,
खांदा भरून येईपर्यंत.
टोपी बसते त्या बोंडाचं भोक सेफ्टी पिनने.
चापाच्या खाचा माझ्याच टूथब्रशने,
दुसरा सापडला नाही.
मग परत नुसतं कढत पाणी, परत एकदा,
आणि तिच्या लुगड्याच्या चिंध्या:
एक काळी आली, एक करडी, एक
जवळजवळ तिच्याच रंगाची.

शेवटी ओल मारायला फेणी.
"इतली?" बाबा दचकले.
"तीच म्हणाली फोनवर. आई अर्धी वाटी ओतायची."
ते हसले नाहीत. म्हणाले,
"आणि मी तुझ्या मामाचा संशय घ्यायचो."

खोबरेल लावलं. नळी उन्हात निळसर दिसायला लागली.
लावलेलं तेल माझ्या मनगटावर ओघळत होतं
तेव्हा बाबांनी हात पुढे केला. बंदूक नको, गज हवा होता.
त्यांनी तो स्वतः नळीत सोडला.
आत काही नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं.
तरी वाकून बघत राहिले,
रेघ बुडेपर्यंत.
"रिकामी," म्हणाले.

रात्री खालच्या केळींत डुकरं आली.
खोडं मोडल्याचा आवाज आम्ही दोघांनी
आपापल्या खाटेवरून ऐकला.
कुणी उठलं नाही.
तेल अजून ओलं होतं.